भिंगरीचा खुराक

कापडे, शुक्रवार

प्रिय सारू,

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलो. मंगेशरावांकडून खुशाली कळते. सातवा लागला हेही त्यांच्याकडूनच कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत, आणि तू महिन्यापूर्वी ‘मी येणार नाही’ म्हणून फोन ठेवलास तो ठेवलासच. त्याबद्दल लिहायचंच आहे. पण आधी भिंगरीचं ऐक, कारण गेले दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

भिंगरी म्हणजे गणपतीत तू आलीस तेव्हा तुझी चप्पल पळवणारी ती तांबडी कुत्री. ती गाभण आहे. पहिलटकरीण. नेमका कोणता दिवस धरायचा हे शेजारच्या तुळसावहिनींनीच सांगितलं, कारण वाडीतल्या त्या काळ्या बोक्यासारख्या कुत्र्याला त्यांनी आपल्या परड्यातून केरसुणी घेऊन हाकललं होतं आणि तो दिवस संकष्टीचा होता. मी लगेच शंभरपानी वही काढली. हसू नकोस. तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, नळ्या धुतल्या, काटे पुसले, बरण्यांतले बेडूक मोजले. पण पोटात जीव वाढतो तेव्हा काय काय होतं ते जवळून कधी बघितलंच नव्हतं. आपल्याकडे त्या वेळी पुरुषमाणसाला ओटीवर बसवतात. आता घरात मला ओटीवर बसवणारं कोणी उरलं नाही, तेव्हा म्हटलं, बघूया.

तुला ठाऊक आहे का, माणसाला नऊ महिने लागतात आणि कुत्रीला नऊ आठवडे! एवढ्याशा वेळात डोळे, नखं, शेपट्या सगळं तयार होतं. मला इतकं नवल वाटलं की मी दर रविवारी तिचं वजन करू लागलो. भात मोजायच्या काट्यावर आधी मी एकटा उभा राहायचो, मग तिला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करायची. चौथ्या आठवड्यापर्यंत काही फरक नाही. पाचव्यात कूस किंचित भरली, सड गुलाबी दिसू लागले, आणि बाई एकदम शहाण्यासारखी वागू लागली. उड्या बंद, कोंबड्यांमागे धावणं बंद. जिनाही विचार करून चढायची. त्या वेळी तिच्याकडे बघून तुझी आठवण यायची, खोटं कशाला बोलू.

आणि नेमका इथेच मी घोळ घातला. सहाव्या आठवड्यापासून मी तिचं खाणं निम्मं केलं. चार भाकऱ्या आणि ताक-भात खायची, तिथे दोन भाकऱ्या. का, तर माझ्या आईने आयुष्यभर सांगितलेलं डोक्यात बसलंय: शेवटी शेवटी बाईला पोटभर द्यायचं नाही, मूल मोठं झालं की बाळंतपण अडतं. मला ते इतकं पटलेलं होतं की वहीत मी ‘आहार कमी केला’ असं लिहून त्याखाली रेघही मारली. भिंगरी माझ्याकडे बघत बसायची. मग चोऱ्या करू लागली. तुळसावहिनींच्या खुराड्यातली अंडी गेली, पलीकडच्या श्रीपतने ओटीवर वाळत टाकलेलं सुकट गेलं, एके दिवशी तर ती चुलीतली राख चाटत होती. मी तिला दोन रपाटे दिले आणि दार लावून घेतलं.

वहिनी बोलायच्या त्या बोलल्याच, पण शेवटी त्यांनीच पोलादपूरहून जनावरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. पूजा तिचं नाव, तुझ्यापेक्षाही लहान असेल. तिने भिंगरीच्या पाठीवरून हात फिरवला, मणका बोटाला लागला तशी माझ्याकडे वळून म्हणाली, हिला उपाशी का ठेवलंय? मी मोठ्या ऐटीत वही पुढे केली. तिने ती शांतपणे वाचली. मग म्हणाली, “काका, पिल्लं मागायची थांबत नाहीत. खाण्यातून मिळालं नाही तर ती आईच्या हाडामांसातून ओढून घेतात.”

त्या दिवसापासून सगळं उलटं झालं. शेवटचे तीन आठवडे नेहमीच्या दीडपट खाणं, पण एकदम नाही, कारण पोटात जागाच नसते. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. उकडलेलं अंडं, हाडं काढून शिजवलेली कोंबडी, मऊ भात, वाफवलेला भोपळा. कांदा नाही, सुकट नाही, मीठ नाही. वहिनी हौसेने मनुका घातलेला लाडू घेऊन आल्या, तो डॉक्टरने परत पाठवला, कुत्र्यांना मनुका बाधतात म्हणे. मी महाडहून कॅल्शियमची बाटली आणली होती, तीही तिने कपाटात ठेवायला लावली; आधी दिलं तर विल्यावर अंगातलं कॅल्शियम उलट कमीच पडतं. असं का, हे मी तिला तीनदा विचारलं, तिने तीनदा समजावलं. आता मला निम्मं कळलंय. कोठीच्या खोलीत, अंधाऱ्या कोपऱ्यात, फळ्यांची चौकट ठोकून त्यात माझी जुनी धोतरं अंथरली आहेत. दोन रविवारांत तिचं वजन दोन किलोंनी वाढलं. काल पोटाला हात लावला तर आतून कोणीतरी लाथ मारली, सारू. साठीच्या पुढे आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा असं काही हाताला लागलं. मी हात काढलाच नाही. वहिनी दारातून म्हणाल्या, “भावजी, कुत्री हाय ती. लेक तुमची तिकडं भांडुपला हाय.”

आज सकाळी तिचा ताप मोजला तर एकशे एकवरून अठ्ठ्याण्णवावर आला होता. तसा उतरला की चोवीस तासांत विते, असं डॉक्टरने सांगून ठेवलंय. अन्नाला तोंड लावलेलं नाही, धोतरं उकरून उकरून ढीग केलाय. मी तिच्याशेजारी पाटावर बसून हे लिहितोय. ती धापा टाकते, मधेच माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवते, परत उठते. भीती वाटते, पण आज मला ओटीवर जायचं नाही.

आता तुझं. तू फोनवर सांगितलंस की डॉक्टर म्हणतात वजन वाढत नाही, रक्त कमी आहे. आणि मी काय म्हणालो? सहावा सरत आला, आता रात्रीचं जेवण निम्मं कर. तू म्हणालीस, आई असती तर आले असते, आणि फोन ठेवलास. मला राग आला होता. आता येत नाही. तुझं बरोबर होतं.

एक गोष्ट तुला कोणी सांगितलेली नाही. तू जन्मलीस तेव्हा उंदराएवढी होतीस, सुपात कापूस घालून वाढवली, हे ऐकून आपण सगळे किती वेळा हसलोय. तुझी आई, राहीसुद्धा हसायची. ती हसायची आणि मला वाचवायची. तिला सातव्यात माहेरी, तुडीलला न्यायला तिचे वडील येणार होते. तिची आई आधीच गेलेली. गाठोडं बांधून ती आठ दिवस दारात बसली. नवव्या दिवशी निरोप आला, घरात बाईमाणूस नाही, कशाला आणू. मग ती इथेच राहिली, माझ्या आईच्या निम्म्या ताटावर. एका दुपारी आई शेतावर होती, घरात आम्ही दोघंच. राहीने माझ्याकडे भात मागितला. टोप भरलेला होता. मी आत डोकावलो आणि त्यावर झाकण ठेवलं. आईला कळलं तर रागावेल, एवढंच म्हणालो. ती पाणी प्यायली. तू का एवढीशी होतीस, ते मला त्या डॉक्टर पोरीने भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा कळलं. राहीला सांगायला ती राहिली नाही, म्हणून तुला सांगतोय.

श्रीपत उद्या मुंबईला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो. भिंगरीला वहिनी बघतील, त्यांनी कबूल केलंय. मी रविवारी सकाळच्या गाडीने तुला न्यायला निघतोय. माझ्या घरातही बाईमाणूस नाही, पण स्वयंपाक मी शिकलोय आणि टोपावर झाकण ठेवणार नाही. यायचं नसेल तर दारात उभी राहून तसं तोंडावर सांग, मी चहा न घेता परत फिरेन. तुझ्या आईने आठ दिवस वाट बघितली आणि तिचा बाप आला नाही. तुझा येतोय.

तुझाच,
आबा