दीडशे अक्षरांत मावेना आमचं दुकान

आदरणीय दादा,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून (कंबर सांभाळून) नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींची सर्दी गेली का? माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त छातीत धडधडतं, झोप लागत नाही आणि दारावरची बेल वाजली की मी दचकतो.

तुम्हाला ठाऊकच आहे की तुमच्या बहिणीने मला मुदत दिली आहे. वेबसाइटवरून महिनाअखेर दहा गिऱ्हाइकं आली नाहीत, तर माझ्या बॅगा दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप आणि मी तुमच्या गोदामात खोक्यांवर शिक्के मारायला. तुमच्या गोदामाबद्दल मला नितांत आदर आहे, दादा, पण वीस वर्षं मी चेनी बसवल्या, चाकं बदलली. शिक्का मारायला बसवलंत तर मी खोक्यांनाही चेन बसवून ठेवीन.

वेबसाइट तुमच्या कन्येने करून दिली. पोरगी हुशार आहे (आत्यावर गेली आहे, असं आत्या म्हणते). ती म्हणाली, "काका, लोक शोधतात तेव्हा त्यांना आधी फक्त शीर्षक आणि खाली दोन ओळी दिसतात. त्या तुम्हीच लिहा. दीडशेच्या आसपास अक्षरं, बास." मी म्हटलं, लिहिणं तर माझ्या हातचा मळ! शीर्षक दिलं, 'प्रवाससामग्री पुनरुज्जीवन केंद्र'. मजकुरासाठी मांडी ठोकून बसलो आणि दोन पानी लिहिला. पुढे सगळं होतं हो, चाकं, हँडल, कुलपं, पत्ता. पण शोधणाऱ्याला दिसलं ते एवढंच: 'सविनय नमस्कार. आपण सहकुटुंब सुखरूप असाल, प्रकृतीला जपत असाल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. विशेष लिहिण्यास कारण की…' आणि तीन टिंबं!

त्या आठवड्यात एकच फोन आला. एका आजींचा. त्यांच्याकडेही सगळे सुखरूप होते आणि कारण काय ते त्यांना जाणून घ्यायचं होतं. अर्धा तास बोललो. फार गोड बाई. बॅग मात्र नव्हती.

मग मी नमस्कार काढून टाकला (मनाला फार लागलं) आणि थेट मुद्द्यावर आलो. लिहिलं की आमच्याकडून नेलेली बॅग ऐन प्रवासात फाटते, चाक निखळतं, हँडल हातात येतं, कुलूप उघडत नाही, चेन मध्येच दात विचकते आणि कपडे रस्त्यावर येतात, अशी एकही तक्रार वीस वर्षांत आलेली नाही. दादा, तुम्ही सुज्ञ आहात. टिंबं कुठे आली असतील ते मी सांगायला नको. शेजारचा शिंपी हसून हसून शिलाई मशीनवर आडवा झाला. शिवाय वेबसाइटच्या पाचही पानांना मी एकच शीर्षक दिलं होतं, कारण घर एक तर पाटी एक. त्यावर तुमची कन्या म्हणाली, "काका, सगळ्या डब्यांवर 'साखर' लिहिलंत तर मीठ शोधणाऱ्याने काय करायचं?" मी पाचही शीर्षकं पुसून टाकली.

वीस तारखेला शून्य गिऱ्हाईक. मी हात टेकले. तेव्हा तुमची बहीण उठली. तिची एक सवय आहे. काउंटरवर बॅग आली की गिऱ्हाईक जे बोलेल ते जसंच्या तसं चिठ्ठीवर लिहून ती हँडलला बांधते. तिने दोन-चार चिठ्ठ्या सोडल्या, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या टाइप केलं. शीर्षक: 'बॅगेची चेन लागत नाही? त्याच दिवशी दुरुस्त'. खाली: 'चाक तुटलं, हँडल अडकलं, कुलपाचा आकडा विसरलात? सकाळी आणा, संध्याकाळी न्या. बसस्थानकामागे, शिंप्याशेजारी.' संपलं! मी म्हटलं, यात वीस वर्षांचा अनुभव कुठे आहे? ती म्हणाली, "लोक आपल्या दारात जे बोलतात तेच शोधताना लिहितात. पुनरुज्जीवन करून द्या म्हणत आजवर कोण आलंय?"

आणि दादा, माणसं येऊ लागली! आलेल्या प्रत्येकाला ती विचारते, "कुठून कळलं?", आणि वेबसाइट म्हणाला की दाराच्या मागे खडूने एक रेघ. आज नऊ रेघा आहेत. मला इतका आनंद झाला आहे की मी सकाळी शिंप्याला मिठी मारली, त्याच्या तोंडात टाचण्या असताना.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, कन्येला आशीर्वाद.

तुमचा,
अजून दुकानातच असलेला मेहुणा

ता. क. उद्या महिनाअखेर आहे, म्हणून पत्र आजच हातोहात पाठवतोय. तुमच्या त्या तपकिरी बॅगेचं चाक वाकडं आहे, हे मला आठवतं. ती घेऊन दुपारी येता का? 'कुठून कळलं?' विचारलं तर वेबसाइट म्हणा. पत्राचं नाव काढू नका.

आणखी एक. चाक वाकडं नसेल तर कृपया वाकडं करून आणा.

दादा, ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. नऊ रेघांतल्या तीन माझ्याच मैत्रिणींच्या आहेत, मी फोन करकरून शोधायला लावलं. सहा खऱ्या. दहावी बाई उद्या दहाला येतेय, तिलाही मीच सांगितलंय. तू गुडघ्याला त्रास देऊ नकोस, आणि गोदामातली जागा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. ह्यांना यातलं काही कळवू नकोस.