हँडल दोन बोटं वर

मखमलाबाद, २८ ऑगस्ट २०२५

ती. रंगनाथकाकांस,
वेदिकाचा शि. सा. न. वि. वि.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून तुम्ही भांडून बाहेर पडलात आणि ज्याला माझ्याशी बोलायचं असेल त्याने पत्र लिहावं, असं जाहीर केलंत. दोन महिन्यांत एकानेही लिहिलं नाही, असं सुवर्णाकाकू हसत सांगत होत्या. म्हणून पहिलं पत्र माझं.

प्रश्न माझ्या मोटरसायकलचा आहे. सकाळी गुलाब घेऊन पंचवटीच्या फुलबाजारात पोचेपर्यंत माझी मनगटं ठणकतात आणि उजव्या हाताची बोटं बधिर होतात. परवा सिग्नलला ब्रेक दाबला की नाही, हेच बोटांना कळलं नाही. गाडी थांबली, पण मी घरी येऊन ते बोलून बसले. बाबांनी निकाल दिला की दसऱ्यापर्यंत बोटं ठीक झाली तर गाडीला हार, नाहीतर गाडी विकून स्कूटी. ही गाडी हाय का घसरगुंडी, पोरगी तोंडावर पडल्यागत बसती, असं ते आल्यागेल्याला सांगतात.

स्पोर्ट गाडीचं हँडल खाली आणि पुढे असतं, त्यामुळे भार मनगटावर येतो म्हणे. हलवता येणारी हँडलं बाजारात आहेत, पण कुठलं घ्यावं? एक नुसतं वर उचलतं, दुसरं अंगाकडे सरकतं, तिसऱ्याचा कोन बदलतो. एक जण सांगतो वर घ्या, दुसरा सांगतो वर घेतलंत तर कंबर जाईल. माझं डोकं गरगरतंय. बाबा ऐकतात ते फक्त तुमचं, आणि गाडी घे म्हणून तुम्हीच मला पेटवलं होतंत.

काकूंना नमस्कार. माया आहेच, उत्तरही असू द्यावं.
आपली, वेदिका

विंचूर, ३ सप्टेंबर

चि. वेदिकेस अ. उ. आ.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा तुझ्या काकूने आधी विचारलं, कोर्टाची नोटीस तर नाही ना.

पोरी, माणसाने यंत्रापुढे वाकायचं की यंत्राने माणसापुढे? सातपूरच्या कारखान्यात आम्ही याच प्रश्नावर गेटसभा घेतली होती. मशीन परदेशातल्या सहा फुटी माणसाच्या मापाचं आणि टाचा उंचावून मरायचे आमचे कामगार. तीन दिवस काम बंद ठेवलं, तेव्हा कुठे पायाखाली फळ्या आल्या. तुझी गाडीही कुणा दुसऱ्याच्या मापाने घडली आहे. ती विकणं म्हणजे शरण जाणं. हे वाक्य तुझ्या बापाला मोठ्याने वाचून दाखव.

इथवर माझी खात्री आहे. पुढे मात्र तुझ्यासारखाच गोंधळलो. इथल्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला की मुलीला अशी गाडी घेऊन कोण देतं, तेच आधी सांगा. त्याला जे ऐकवायचं ते ऐकवलं, पण हँडलचं राहूनच गेलं. माझा कौल असा: तिन्ही बाजूंनी हलतं तेच घे. ज्यात बदल करता येतो ते कधीही बरं. नाशिक रोडला माझ्या जुन्या सहकाऱ्याचा मुलगा धम्मपाल याचं गॅरेज आहे. माझं नाव सांग.

आईबाबांना आशीर्वाद. जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझा, काका

मखमलाबाद, १२ सप्टेंबर

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. दादा भाषणात लय भारी, पण बोटं पोरीची हायेत, एवढंच म्हणाले.

धम्मपालदादांनी मला गाडीवर बसवून मापं घेतली आणि हँडल दोन बोटं वर, एक बोट मागे घेतलं. दोन्हीकडे पूर्ण वळवून ते टाकीला घासत नाही आणि केबल ताणत नाही, हे पाहिलं. तिथून द्वारका सर्कलपर्यंत जाऊन आले. काका, घरच्या सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं!

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे फुलं काढली, जुड्या बांधल्या, क्रेट मागे आवळला, निघाले. बाजार येईपर्यंत बोटं मेली. शिवाय हँडल वळवताना गुडघ्याला लागायला लागलं ते वेगळंच. पुन्हा नाशिक रोड, पुन्हा अर्धं बोट इकडे, कोन तिकडे. असं तीनदा झालं. त्यांच्या दारात सगळं छान, माझ्या बाजारात सगळं वाईट. धम्मपालदादा आता माझ्याकडेच संशयाने बघतात. आईने मीठमिरच्या घेऊन गाडीची दृष्ट काढली. बाबांनी स्कूटीचं माहितीपत्रक आणून देव्हाऱ्याखाली ठेवलंय. मला काही म्हणजे काही कळत नाही.

आपली, वेदिका

विंचूर, १७ सप्टेंबर

चि. वेदिकेस अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. यावेळी गर्जना नाही. भाषणात शंका घेता येत नाही, समोरचे लोक पांगतात. पत्रात घेता येते. तुझा बाप सावळीराम बरोबर असेल का? मी टाळ्यांच्या नादात तुला त्या गाडीवर चढवलं आणि उद्या बोटांनी ब्रेक ओळखला नाही तर? हाडांच्या डॉक्टरांना दाखव. बोटांत जीव येईपर्यंत गाडी हलवू नकोस, असं लिहिणार होतो. लिहितोच. पण ती विकू नकोस. दोन्ही एकदम कसं जमवायचं, ते मला ठाऊक नाही.

सांभाळून राहा, रागावलीस तरी लिही.
काका

मखमलाबाद, २४ सप्टेंबर

ती. काकांस, शि. सा. न. वि. वि.

डॉक्टर म्हणाले हात उत्तम आहे, बसणं तपासा. पण त्याचं कारण तुमचं पत्र येण्याआधीच्या सकाळीच सापडलं होतं. धम्मपालदादा बहिणीच्या साखरपुड्याला फुलं घ्यायला बाजारात आले होते. मला येताना पाहून त्यांनी कपाळावर हात मारला आणि भर बाजारात ओरडले की ताई, हा क्रेट कुठून आला!

मागची सीट एवढीशी, क्रेट केवढा. तो माझ्या सीटवर सरकतो आणि मला टाकीवर ढकलतो. हँडल कुठेही न्या, मी त्याच्यावर चेपलेलीच. गॅरेजला जाताना क्रेट नसायचा. मी सांगितलाच नाही, काका. आपल्या घरात क्रेटशिवाय गाडी कुणी पाहिली आहे? तुम्हालाही पत्रात लिहिला होता, तुम्हालाही दिसला नाही.

बाबांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर क्रेट स्वतःच आवळून निघाले. मी मोकळ्या गाडीवर त्यांच्या मागे. बाजारात त्यांनी माझी बोटं एकेक दाबून बघितली आणि झेंडूवालीकडे हाराची ऑर्डर दिली.

आता खरा गोंधळ ऐका. फुलं बाबाच नेतात. काल मी गाडी काढली, तर आईने विचारलं कुठे निघालीस. बाजार नाही, बँक नाही, दवाखाना नाही. गाडी परत स्टँडवर लावली. बाबा म्हणतात, कामच नसंल तर गाडी कशाला. काय सांगू त्यांना?

आपली, वेदिका

विंचूर, २८ सप्टेंबर

चि. वेदिकेस अ. उ. आ.

क्रेट मलाही दिसला नाही, हे कबूल. तुझ्या प्रश्नाने त्याहून मोठं काही दाखवलं. आयुष्यभर मी ओरडलो की मुलींना वाहन द्या: कॉलेजला जायला, नोकरीला जायला, आजारी सासूला दवाखान्यात न्यायला. प्रत्येक वेळी मागे एक काम बांधूनच मुलीला रस्त्यावर काढलं. तिला जावंसं वाटलं म्हणून जाऊ द्या, हे एकदाही म्हटलं नाही. का म्हटलं नाही? भीती होती की टाळ्या पडणार नाहीत?

सावळीरामला समजावणारं पत्र लिहायला बसलो होतो. फाडलं. मी सांगितलं तर तो ऐकेल, आणि ती परवानगी पुन्हा माझी होईल.

दसऱ्याला हार घाल आणि घोटीकडे निघ. आईने विचारलं तर कुठेच नाही म्हण. माझं नाव घेऊ नकोस. परत आल्यावर रस्ता कसा होता, ते मात्र सविस्तर लिही. काकूही वाट बघते आहे.

तुझा, काका