सन १८८६ आणि बॉथेलचे घर

मी, चारुदत्त विनायक खांबेटे, निवृत्त अभियंता, राहणार बॉथेल, वॉशिंग्टन राज्य, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात हे घर विकून पत्नीने नाशिकला परतावे असे होते. ते का बदलले, हे मुलांना कळायला हवे.

१. राहते घर पत्नी सुहासिनी हिला व तिच्यामागे कन्या अंतरा हिला. विकू नये.

गेल्या वर्षी न्यूयॉर्कचे मनोरे पडले, त्याच आठवड्यात तीन माणसे आमच्या अंगणात शिरली. "गो होम!" म्हणून ओरडू लागली. मी इथला जुना नागरिक. पण पाऊल मागे आले. शेजारच्या वृद्ध एलेनॉरबाई धावत येऊन आमच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "हे त्यांचंच घर आहे. निघा!"

माणसे गेली. मी बाईंना आत बोलावले. चहा घेताना म्हणाल्या, "चारू, माझे आजोबा अशीच दारं ठोठावत फिरले होते. १८८६च्या फेब्रुवारीत. सिअ‍ॅटलमधल्या चिनी लोकांना घरातून काढून बंदराच्या धक्क्यावर नेलं, बोटीत बसवून पाठवून दिलं."

१८८६! त्याच वर्षी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचे अनावरण झाले, हे दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, मी मराठी मंडळातल्या भाषणात कौतुकाने सांगत असे. आणि त्याच वर्षी, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर हे घडले होते! मला पत्ताच नव्हता. अजून धक्का ओसरलेला नाही. त्या लोकांना हाकलले; आम्ही आपणहून घर सोडणार नाही.

२. इतिहासाची पुस्तके मंडळाला. कपाटाची किल्ली मात्र अध्यक्ष राजाराम सबनीस यांच्या हाती देऊ नये. यंदा मी दोन्ही घटना सांगू लागलो, तर त्यांनी माईक काढून घेतला. "सणाच्या दिवशी कशाला हे, यार?" आमची मैत्री तिथेच संपली.

३. गाडी व अवजारे चिरंजीव अमेय यास. तो म्हणतो, "बाबा, दॅट वॉज सो लाँग अगो." अरे, ज्या हातांनी ती दारे ठोठावली, त्यांनीच एलेनॉरबाईंना अंगाखांद्यावर खेळवले होते.

४. माझ्या अस्थी नाशिकला नेऊ नयेत. इथेच, मागच्या बागेत पुरून ठेवाव्यात. मी हे लिहिताना सुहासिनी वाचत होती. मग म्हणाली, "माझ्यासाठीही जागा ठेवायला सांगा."

स्थळ : बॉथेल
दिनांक : २० ऑक्टोबर २००२
सही : चारुदत्त वि. खांबेटे

आमच्यासमक्ष सही केली :
एलेनॉर हॅन्सन, शेजारीण
दीपा अनिल राजवाडे, स्नेही