दोन डिस्क, एकच ढोली

आई, घरातल्या सर्व्हरवर मी नवी आवृत्ती चढवली आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं करून तू जमवलेले सगळे आवाज दिसेनासे झाले. म्हणून लिहायला बसले आहे. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर आधी सर्व्हर म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल. तुलाही सांगावंच लागेल म्हणा, पण तू मध्ये बोलणार नाहीस.

तुझ्या कॅसेटी ओल लागून चिकटायला लागल्या, तेव्हा एकेक शेवटची फिरवून मी संगणकात उतरवून घेतली. त्यानंतर त्या फिरल्याच नाहीत. निवृत्तीनंतर चंद्रपूरच्या घरात मी एक जुना संगणक त्या कामालाच ठेवला. आत दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उमटतं. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं माझं, एका लाइनला जोड म्हणून दुसरी लाइन ठेवायची हे मला शिकवावं लागत नाही. मी निर्धास्त होते. मग पडद्यावर सूचना आली, नवी आवृत्ती तयार आहे. मी 'हो' म्हटलं. काम अर्ध्यावर अडकलं, यंत्र आपणच बंद होऊन चालू झालं, आणि दोन्ही डिस्कपुढे एकच ओळ आली: अनोळखी डिस्क. खाली बटण, पुसून नव्याने तयार करायची का?

ते बटण मी दाबलं नाही. एवढं एकच त्या दिवशी बरं केलं.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीकडून ती आली. तू जिच्या आईला पारावर बसवून बोलतं केलं होतंस, तिची मुलगी. आता तिचेही केस पांढरे झालेत. चहाला नको म्हणाली, खुर्ची सोडून जमिनीवर बसली.

"बाई, माह्या मायचा आवाज तुमच्यापाशी हाय ना?"

"आहे."

"मंग देऊन टाका. सोमवारी आमच्या जंगलाच्या हक्काच्या दाव्यावर साहेब बसणार हायेत. मायले सारं मालूम होतं. शीव कुठून जाते, नाला कुठी वळते, देव कुठी हाय. म्हाताऱ्याचं बोलणं पुराव्यात धरतेत म्हणे. आमच्याकडे म्हातारं कोणी उरलंच नाई. आमाले अर्धंमुर्धं येते."

"आत्ता देता येत नाही. यंत्र बिघडलं आहे."

ती त्या काळ्या डब्याकडे बघत राहिली. "यंत्र बिघडलं. माय त नाई ना बिघडली? ते त आतच असंल."

मी चढ्या आवाजात म्हटलं, रविवारी ये. ती गेल्यावर दार लावलं आणि तशीच दाराला टेकून उभी राहिले.

गोल बाजारापलीकडच्या संगणकाच्या दुकानदाराला फोन केला. "बाई, काऊन टेन्शन घेऊन राह्यल्या? फॉर्मेट मारून देतो, एकदम नवीन होऊन जाते."

"आणि आतलं?"

"आतलं त जाईन न. पण मशीन चकाचक."

"घर जाळून भिंती धुऊन देतोस का रे?"

तो हसला. "तुमी मास्तरीण होत्या काय?"

"माझी आई होती," म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग मला ते आश्रमशाळेचं क्वार्टर आठवलं. मी कॉलेजातून सुट्टीला आले आहे. तुझ्या कॅसेटी घरभर पसरलेल्या, म्हणून त्या सगळ्या मी एका पेटीत रचते आहे, वर कापूर टाकते आहे. तू चुलीपुढून उठतेस, पिठाच्या हातांनी झाकण उघडतेस. "काऊन वं, सारं बी एकाच ढोलीत भरते का कोणी? आग लागली त पेरशील काय, राख?" त्या गावात प्रत्येक घर आपल्या कणगीतल्या धानाच्या बियाण्यातली एक टोपली दुसऱ्याच्या घरी ठेवायचं, आणि त्याची आपल्याकडे. तू तिथूनच ते उचललं होतंस. मी तोंड फिरवलं. शिकलेली होते ना.

दोन डिस्क म्हणजे दोन घरं, असं मी धरून चालले होते. पण दोन्ही एकाच डब्यात, एकाच हुकमाखाली. चूकही दोन्हीवर एकदमच उमटली. आई, या ढोलीला मीच दोन तोंडं पाडली होती.

मग मी तुझ्या पद्धतीने कामाला लागले. एक डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवली. हात चुकला तर एकच जावी. जुनी आवृत्ती शोधून पेन ड्राइव्हवर घेतली, यंत्र त्यावर चालू केलं आणि दुसरी डिस्क फक्त वाचायची, लिहायची नाही, अशी जोडली. जुन्या आवृत्तीने तिला ओळखलं. तू कॅसेटींवर लिहिलेली गावांची नावं ओळीने पडद्यावर आली. मी मोठ्याने रडले, तेही सांगून टाकते. पहिल्या काही फाइली उतरल्या आणि डिस्क टकटक करायला लागली. जोरात. मग थांबली. पुन्हा लावली, टकटक. पुन्हा लावली, तेही नाही.

तेव्हापासून मी इथे बसले आहे. कपाटाची किल्ली माझ्या मुठीत आहे. आत एकच उरली आहे. तिलाही तेच झालं तर त्या बाईची आई दुसऱ्यांदा मरेल आणि मारणारी मी. आई, तू असतीस तर काय केलं असतंस? ओरडली असतीस. मला तेच हवं आहे. कोणीतरी माझ्यावर ओरडायला हवं आहे, म्हणजे मी उठेन.

उठले. जोडली. उतरवत होते तेव्हा लाइट गेली, वीज तयार करणाऱ्या या गावात हे नेहमीचंच. इन्व्हर्टर कुंईकुंई करत राहिला, मी त्याच्यावर हात ठेवून उभी, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. बहुतेक सगळं आलं. त्या म्हातारीची फाइल मात्र शेवटाकडे तुटलेली निघाली.

रविवारी ती आली. मी आवाज लावला. म्हातारी शीव चालत होती, टेकडी, मोहाची झाडं, नाल्याचं वळण, आणि तिथे खरखर होऊन बंद. मी मान खाली घातली. तर हिने डोळे मिटले होते, आणि आईच्याच सुरात पुढची नावं घ्यायला लागली. पाच-सहा ठिकाणं गेली, मग अडली. "पुढचं नाई येत," म्हणाली. "पन नाल्यापासून इथवर माह्या डोक्यात होतं, मलेच मालूम नव्हतं." मी तिचं तेवढं बोलणंही भरून घेतलं. उरलेली शीव गेली, आई. ती कोणाकडेच नाही.

दिलं ते असं. सगळे आवाज भरलेला एक पेन ड्राइव्ह ग्रामसभेसाठी, तिच्या हातात. तसाच दुसरा, पलीकडच्या टोल्यावर, वेगळ्या वस्तीत, दुसऱ्या घरी ठेवायला, तिच्याच हातात. तिच्या मायची न फिरणारी कॅसेट, तिने मागितली म्हणून.

एक फाइल त्यात नाही. तू रेकॉर्डर बंद करायला विसरली होतीस, भांड्यांचा आवाज आहे आणि तू मला म्हणतेस, "दूध उतू चाललं, कुठी लक्ष हाय तुव्हं?" तिची एकच प्रत आहे आणि ती माझ्या घरी आहे. दुसरीकडे ठेवायला मन होत नाही.