गार्डन लीव्हमधली हजेरी

३ सप्टेंबर
राजीनामा मंजूर. नवी नोकरी स्पर्धक कंपनीत, म्हणून साठ दिवस गार्डन लीव्ह. लॅपटॉप जमा. घरी बसायचं, पगार पूर्ण. जामुलच्या सिमेंट कारखान्याची आठशे सेफ्टी शूजची ऑर्डर मी आणलेली. या दिवसांत सही झाली तर कमिशनही माझंच, बेचाळीस हजार. अट एकच: ग्राहकाला भेटायचं नाही. भेटले तर पगार बंद, कमिशन रद्द.
कमिशनमधून धाकट्या बहिणीची, रोशनीची, नर्सिंगची फी. शब्द दिलाय. शेवटची तारीख तीस.
सोपं आहे. फक्त बसायचं.

४ सप्टेंबर, सकाळी साडेनऊ
आत्ता उठले. बाबा साडेपाचलाच सायकलवर प्लांटला गेले. एकदा त्यांची एक हजेरी चुकून जास्त लागली, तर टाइम ऑफिसात जाऊन कापून घेतली. तेव्हा आम्ही हसलो होतो.
पोहे तसेच झाकून ठेवले.

७ सप्टेंबर
ठराव: घरूनच काम करून पगार फेडणार. नव्या सेल्समनसाठी 'बूट कसा मोजावा' ही टिपणी लिहिली. चौदा पानं. कुणी मागितली नव्हती. आईच्या पायाची मापं नमुना म्हणून घेतली.
शेजारच्या सिंधुताईंनी आईला विचारलं, न जाता पगार देतात, म्हणजे पोरीनं नेमकं केलं काय? आईने आत येऊन तोच प्रश्न मला विचारला.

१२ सप्टेंबर
माझ्या जागी आलेल्या नरेशचा फोन. जामुलची ऑर्डर मापांवर अडली आहे. तू जा म्हटलं. म्हणाला, सोमवारनंतर बघू, दीदी, ऊन फार आहे.
तिकडे माणसं सिमेंटच्या धुळीत चपला घालून उभी. मी पदवी काय बसायला घेतली?
नीट विचार केला. ग्राहक म्हणजे खरेदी बघणारे शामराव. कामगार ग्राहक नव्हेत. कामगारांचे पाय तर नव्हेतच.

१५ सप्टेंबर
बसने जामुल. मापं राहिलेल्या एकशे बत्तीस जणांचे पाय मोजले. शामरावांना मी भेटले नाही, तेच चहा घेऊन आले. मापं बघून जागेवर सही केली.
आज पोटभर जेवले.

१६ सप्टेंबर
एचआरच्या उर्वी मॅडमना मेल केला. लीव्हमधली माझी हजेरी, तारीखवार. जामुल: साडेदहा ते चार, फोटोंसकट. पगार फुकट घेत नाही, हे त्यांना कळायला हवं. फार हलकं वाटतंय.

१९ सप्टेंबर
उर्वी मॅडमचा फोन. आवाज रडवेला त्यांचाच. म्हणाल्या, कुणालाच माहीत नव्हतं गं, लेखी कशाला दिलंस? पंधरापासून पगार बंद. कमिशन नरेशला.
नरेशचा मेसेज: थँक्यू दीदी.

२१ सप्टेंबर
घरी सांगणार होते. उद्या.

२८ सप्टेंबर
सांगितलं. रोशनीने फॉर्म घडी करून कपाटात ठेवला. पुढच्या साली भरू म्हणाली, आणि मला चहा टाकला. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मी बाबांना म्हटलं, तुम्हीही हेच केलं असतं. बाबांनी चपला काढून भिंतीशी ठेवल्या.
"मी जास्तीची हजेरी कापली होती, बेटा. तुले तर घरी बसाचीच ड्यूटी होती. अन् तू तिथंच गैरहजर."