पाठवणाऱ्याला कळवायचं का?

शनिवार, १४ मार्च

प्रिय ताई,

कशी आहेस? भावोजी कसे आहेत? पत्राच्या सुरुवातीला हे विचारायचं असतं म्हणून विचारलं, उत्तराची आशा धरून नव्हे. तुझा पत्ता तुझ्या त्या लायब्ररीवाल्या मैत्रिणीकडून काढला. देताना तिने असं तोंड केलं, जणू मी तिची किडनीच मागितली.

इकडे ठीक. लॅबमध्ये माझी दिवसपाळी असते. दिवसभर लोकांच्या लघवीच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, सांडलेलं पुसते आणि दीड वाजता शेजारच्याच खोलीत बसून पोळीभाजी खाते. हिला किळस कशी येत नाही, म्हणून सगळे हसतात. गेले पंधरा दिवस मात्र घास उतरत नाही. त्याला त्या बाटल्या कारण नाहीत.

बाबांच्या उजव्या हाताचा कंप वाढलाय. रंधा सुटला, करवत सुटली. दोन वर्षांपूर्वी मीच त्यांना कंप्युटरवरच्या त्या आभासी गावात नेऊन बसवलं. तिथे फळी जागेजवळ नेली की आपोआप चपखल बसते, हात कितीही थरथरो. जन्मभर लोकांच्या घरांत जिने बसवले, तिथेही जिनेच करायला लागले. परक्या मुलुखातली माणसं येऊन बघून जायची.

पण हे मी तुला काय सांगतेय? तू तर तिथे येत होतीस.

त्या गावातली सगळ्यात घाण गोष्ट म्हणजे पॉपअप. जरा कुठे हात घातला की टुंग करून चौकट उगवते. अमका आला, तमका गेला. कुणीतरी तुम्हाला नाचायला बोलावतंय. नवे केस घ्या, पंख घ्या, शेपटी घ्या. सत्तरीच्या माणसाला शेपटी! बदाम काय, ओठ काय, आणि सगळ्यांची लाळ गळल्यासारखी एकच भाषा, डिअर आणि स्वीटी. बाबा ओरडायचे, "अगं, ह्या माश्या हाकल आधी! जिना दिसत नाहीये मला." चौकटीची ती टीचभर फुली दाबायला हात स्थिर लागतो. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. दर रविवारी सकाळी त्यांच्या जागेवर बसायचं, कुणाचे निरोप दिसू द्यायचे ते ठरवायचं आणि उरलेल्यांना बंद यादीत टाकायचं.

तशात एका रविवारी 'शेजारीण' नावाच्या बाईचे निरोप सापडले. "मिस्त्री, कठडा झकास झालाय." "मिस्त्री, आज जेवलात का वेळेवर?" आणि मग, "मिस्त्री, सातवी पायरी करकरते का हो?"

आपल्या जुन्या घरातली सातवी पायरी. तिच्यावर तू कितीदा पकडली गेलीस! ती आपल्या घराबाहेर कुणाला माहीत असणार? खाली बाबांचं उत्तर होतं. एकेक अक्षर शोधून टाइप केलेलं. "करकरते. मुद्दाम ठेवलीय."

म्हणजे त्यांनीही तुला ओळखलं होतं. आई गेल्यावर तू दोन दिवस उशिरा पोचलीस म्हणून ज्या माणसाने तुला दारातून परत पाठवलं, तो तुझ्यासाठी पायरी करकरती ठेवत होता. आणि दोघांनी मिळून मला पत्ता लागू दिला नव्हता.

पुढच्या रविवारी तुझं नाव चुकून बंद यादीत गेलं. पन्नास नावं एकदम काढत होते, त्यात तुझंही गेलं. गर्दीत असं होतं.

नाही होत, ताई. चुकून काही झालं नाही. मी फक्त तुझ्या एकटीच्या नावावर बोट ठेवलं. त्यांना आंघोळ घालते मी, नखं कापते मी, शर्टाची बटणं लावते मी. मला काय मिळतं? "माश्या हाकल." आणि तू लांबून चार शब्द टाकतेस आणि तुझ्यासाठी पायऱ्या करकरतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाव बंद केल्यावर ते यंत्र एक प्रश्न विचारतं, 'पाठवणाऱ्याला कळवायचं का?' खाली 'हो' आणि 'नाही'. मी प्रश्न नीट वाचला. मग 'हो' दाबलं.

तुला जे आलं, 'या रहिवाशाला तुमचे निरोप नको आहेत', ते बाबांचं नव्हतं. त्यांना ठाऊकही नव्हतं. मी शेण खाल्लं, आणि तेही त्यांच्या ताटावर बसून.

त्यानंतर तू आम्हा दोघांनाही बंद केलंस, म्हणून हे कागदावर. तीन महिने बाबा विचारत होते, "ती शेजारीण येईनाशी झाली का गं?" मी सांगायचे, लोक येतात-जातात बाबा. पंधरा दिवसांपूर्वी म्हणाले, "आपणच पूर्वी वाईट वागलो, तिने तरी किती दिवस यायचं." हे ऐकल्यापासून मला माझ्याच बोटाची शिसारी येते.

परवा सांगून टाकलं. वाटलं होतं, हात उगारतील. त्यांनी फक्त माऊस माझ्या हातातून काढून घेतला आणि बंद यादी अख्खी उघडून द्यायला लावली. "कोण येतंय ते यापुढे मीच बघीन."

आता सगळी घाण परत येते. शेपट्या, बदाम, स्वीटी. चष्मा लावून ते प्रत्येक चौकटीवरचं नाव वाचतात, आणि तुझं नसलं की फुली दाबायला जातात. ती चुकते, आणि मागची पायरीच पुसली जाते. कालपासून चार गेल्या. मी पुढे झाले तर कोपराने मला ढकलतात. मी माफी मागत नाही, मला ती मिळू नये. पण ते रोज संध्याकाळी सात ते अकरा तिथे असतात.

तुझी, असं लिहायचा हक्क मी घालवलाय. तेव्हा नुसती,
त्यांच्याजवळ राहणारी