साखळी स्कॅग्जची, कुत्री कोणाची?

प्रति,
माननीय पर्सेल ओव्हरबीसाहेब,
अध्यक्ष, आयुक्त मंडळ,
हॅस्लेट काउंटी, टेनेसी.

विषय : प्राणी नियंत्रण अधिकाऱ्यास जागेवर दंडपावती फाडण्याचा अधिकार मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज, जो "पुढे पाहू" या शेऱ्यासह परत आला.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की,

१. अर्जदार ही काउंटीची एकमेव प्राणी नियंत्रण अधिकारी आहे. काउंटीने तिला गाडी, गणवेश, बिल्ला व कुत्रे धरण्याचा फास दिला आहे. पावतीपुस्तक दिलेले नाही. पावती फक्त शेरीफसाहेबांचे डेप्युटी फाडतात, तीही जनावराचा गुन्हा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासच.

२. श्री. हार्लन स्कॅग्ज यांचा बोकड चर्चच्या दफनभूमीत शिरून ओपल हेन्सलीबाईंच्या दिवंगत यजमानांच्या कबरीवरील फुले खात होता. अर्जदाराने डेप्युटी लेडबेटर यांना कळवून बोकडाची शिंगे धरून ठेवली. बोकडाने तिला कबरींमधून फरफटत नेले. श्री. स्कॅग्ज खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "व्हर्नाबाई, दमलात तर सांगा, थंडगार चहा देतो. पावती तेवढी मागू नका, ती तुमच्याकडे कुठली असायला!" डेप्युटीसाहेब जेवण आटोपून आले व म्हणाले, "हा तर गरीब उभा आहे. सोडा, खाऊ द्या एखादं फूल, म्हणजे मला दिसेल." सोडला. परंतु पोट भरल्यामुळे बोकडाने फुलांकडे ढुंकूनही पाहिले नाही. गुन्हा सिद्ध झाला नाही.

३. बोकडाचे सोडून देऊ. जुलैच्या भर उन्हात त्याच गृहस्थांच्या अंगणात एक शिकारी कुत्री मोडक्या ट्रकच्या आसाला साखळीने बांधलेली आढळली. बादली कोरडी ठणठणीत. अर्जदाराने नियमानुसार तोंडी समज दिली. श्री. स्कॅग्ज म्हणाले, "समजलं. आता निघा." डेप्युटीसाहेबांस वारंवार फोन केले, ते अग्निशमन दलाच्या मासेजेवणाच्या बंदोबस्तात होते. दुपारी कुत्रीने मान टाकली. पाणी तोंडाशी नेले, तरी जीभ हलेना. तेव्हा अर्जदाराने, नियम पूर्ण ठाऊक असताना, साखळी तोडली व कुत्रीला उचलून गाडीत घातले.

४. श्री. स्कॅग्ज यांनी चोरीची तक्रार करताच डेप्युटीसाहेब भोंगा वाजवत तत्काळ हजर झाले. कुत्रीच्या गळ्यात रेबीजच्या लशीचा बिल्ला नाही हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले व विचारले, "कुत्री कोणाची?" दंडाचा वास येताच श्री. स्कॅग्ज उत्तरले, "माझी? छे! माझी फक्त साखळी." मग कुत्री ज्याच्या गाडीत तोच मालक, असे ठरवून त्यांनी अर्जदाराच्या नावे पावती फाडली. लशीच्या नियमाखाली काउंटीत फाटलेली ही पहिलीच पावती होय.

५. कुत्री वाचली. ती उभी राहिल्याचे ऐकून श्री. स्कॅग्ज अर्जदाराच्या दारात आले. "आता बरी आहे ना? मग द्या. शिकारीचा हंगाम येतोय." अर्जदाराने पावती त्यांच्या नाकासमोर धरली. मालक : व्हर्ना टॅकेट. खाली डेप्युटीसाहेबांची सही. बिल्ल्याला, गणवेशाला व विनंत्यांना कधी न बधलेला तो मनुष्य कागद वाचून टोपी नीट करत निघून गेला. त्या क्षणी अर्जदाराला हसू आले नाही. इतकी वर्षे जिथून ती रिकाम्या हातांनी परत आली, ती सगळी अंगणे आठवली.

६. मागील सभेत आपण म्हणाला होतात, "या बाईंना पुस्तक दिलं, तर उद्या माझ्याच दारात उभ्या राहतील." ही भीती रास्त आहे. अर्जदार येईल. आपल्या दारातली कुत्रीही दिवसभर उन्हातच असते.

तरी सदर अधिकार मंजूर करावा, ही विनंती.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
व्हर्ना टॅकेट
प्राणी नियंत्रण अधिकारी
१९ ऑगस्ट

सोबत : दंडपावतीची छायाप्रत. मूळ प्रत मागू नये. कुत्री माझी असल्याचा तेवढाच पुरावा आहे.